संवय आणि बक्षीस

आपल्या दिवसाचा केवढा मोठा भाग संवयीच्या स्वाधीन असतो, याचा विचार आपण क्वचितच करतों. चपला कोठें काढावयाच्या, जेवणापूर्वीं हात धुवावयाचे कीं नाहींत, दप्तर रात्रीं भरावयाचें कीं सकाळीं घाईघाईनें, यांपैकीं एकाही गोष्टीसाठीं आपणांस रोज नव्यानें मनाशीं वाद घालावा लागत नाहीं. जें काम पूर्वीं प्रयत्नानें केलें, तें पुढें आपोआप होऊं लागलें, म्हणजे त्यास आपण संवय म्हणतों. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत संवयीसाठीं एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातलें आहे. दैनंदिन व्यवहाराचा जितका अधिक भाग आपण संवयीवर सोंपवूं, तितकें आपलें मन उच्च प्रकारच्या कामांसाठीं मोकळें राहील, असें त्यांचें त्यांत प्रतिपादन आहे.

परंतु वाईट संवय न बोलावतां घरांत शिरते, आणि चांगलीला मात्र दहा वेळां निमंत्रण धाडावें लागतें, हा सर्वांचाच अनुभव आहे. जून महिन्यांत शाळा उघडतांच अभ्यासाचें नवें वेळापत्रक भिंतीवर लागतें, आणि पावसाळा सरण्यापूर्वींच त्याचा कागद पिवळा पडतो. निश्चय करणें आणि निश्चय पाळणें यांमधील ही दरी बुजविण्यासाठीं गेल्या कांहीं वर्षांत मोबाइलवर संवयींची नोंद ठेवणारीं पुष्कळ ॲप्स निघालीं आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकांच्या घरीं आईच्या अथवा वडिलांच्या मोबाइलवर असें एखादें ॲप असतें, आणि मुलेंही तें हाताळतात. म्हणून या ॲप्सचें सामर्थ्य कशांत आहे, त्यांच्यामागें मनाचे कोणते नियम आहेत, आणि त्यांतील खूण व बक्षीस हीं आपलीं चाकर केव्हां असतात व धनी केव्हां होऊन बसतात, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, संवयींची नोंद ठेवण्याची कल्पना मोबाइलहून पुष्कळ जुनी आहे. बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–१७९०) हे अमेरिकेंतील प्रसिद्ध मुद्रक, शास्त्रज्ञ व मुत्सद्दी. तरुणपणीं आपलें आचरण निर्दोष करावें असा त्यांनीं संकल्प केला, व त्याची हकीकत पुढें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेवली. मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, काटकसर, उद्योग, नम्रता इत्यादि तेरा गुणांची त्यांनीं यादी केली. एका लहानशा वहींत प्रत्येक गुणास एक पान दिलें. पानावर तांबड्या शाईनें आठवड्याच्या सात वारांचीं सात उभीं घरें आंखलीं, आणि तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी आंखल्या. रोज आपल्या वर्तनाची तपासणी करून ज्या गुणांत चूक झाली असेल, त्या ओळींत त्या वाराखालीं काळा ठिपका द्यावयाचा, असा त्यांचा नेम होता. एका आठवड्यांत एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचें. म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरा, आणि वर्षांत चार फेरे पुरे होत. जुने ठिपके खरडून नव्या फेऱ्यासाठीं तींच पानें वापरतां वापरतां कागदाला भोंकें पडलीं, तेव्हां त्यांनीं हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. तीवरील शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजानें सहज पुसतां येत.

या वहीसंबंधीं दोन गोष्टी ध्यानांत धरण्यासारख्या आहेत. एक, तींत बक्षीस असें कांहींच नव्हतें. आपणांत कल्पनेपेक्षां अधिक दोष आहेत, हें पाहून फ्रँक्लिन यांस आश्चर्य वाटलें, आणि ते दोष कमी होत असलेले पाहून समाधान वाटलें. एवढाच त्यांचा लाभ. दुसरी, व्यवस्थितपणा हा गुण त्यांस शेवटपर्यंत साधला नाहीं, आणि ही गोष्ट त्यांनीं मोकळेपणानें लिहिली आहे. पूर्णता हातीं लागली नाहीं, तरी त्या प्रयत्नामुळें आपण अधिक चांगले व अधिक सुखी झालों, असा त्यांनीं समारोप केला आहे. म्हणजे त्यांची वही हा एक आरसा होता. तो मजुरीचा हिशेब नव्हता. हा भेद पुढील सर्व विवेचनांत आपल्या उपयोगी पडेल.

आतां आजच्या ॲप्सकडे वळूं. ड्युओलिंगो हें भाषा शिकविणारें ॲप २०१२ सालीं सर्वांसाठीं खुलें झालें. त्यांत विद्यार्थ्यानें किती दिवस खंड न पाडतां अभ्यास केला, याचा आंकडा ज्वाळेच्या चित्राशेजारीं दिसतो, आणि अभ्यास राहिला तर हिरवें घुबड त्याची आठवण करून देतें. हॅबिटिका हें ॲप २०१३ सालीं प्रथम हॅबिटआरपीजी या नांवानें निघालें. त्यानें रोजच्या कामांचा खेळ केला आहे. गृहपाठ, व्यायाम किंवा भांडीं घासणें यांपैकीं ठरविलेलें काम केलें कीं खेळांतील आपल्या पात्रास सोन्याचीं नाणीं व अनुभवाचे गुण मिळतात. रोजचें काम चुकलें तर त्याच पात्राची प्राणशक्ति घटते. कोणत्याही संवयींच्या ॲपची रचना उलगडून पाहिली, तर तींत बहुधा चार साधनें सांपडतात: काम झाल्याची खूण, सलग दिवसांची मालिका, वेळेवर दिलेली आठवण, आणि नाणें किंवा मानचिन्ह यांसारखें बक्षीस. यांतील एकही साधन स्वतः काम करीत नाहीं. काम आपणच करावयाचें असतें. मग एवढ्याशा खुणेसाठीं माणूस अंथरुणांतून कां उठतो?

याचें पहिलें उत्तर एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं मांजरांवर केलेल्या प्रयोगांत मिळतें. १८९८ सालीं त्यांनीं हे प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलेल्या मांजरास ते एका पेटींत कोंडीत व बाहेर खाद्य ठेवीत. आंतील एखादी दोरी ओढली किंवा खटका दाबला, तर पेटीचें दार उघडे. मांजर प्रथम ओरबाडी, चावी, धडपडे, आणि त्या धडपडींत केव्हां तरी चुकून खटका दाबला जाई. पुन्हां पुन्हां त्याच पेटींत ठेवल्यावर निरर्थक धडपड हळूहळू कमी होई, आणि शेवटीं आंत ठेवतांच तें खटक्याकडे जाई. ज्या कृतीचा परिणाम सुखकर होतो ती कृति दृढ होते, आणि जिचा परिणाम त्रासदायक होतो ती क्षीण होते, असा नियम थॉर्नडाइक यांनीं यावरून बसविला. येथें अडचण अशी कीं, चांगल्या संवयींचा परिणाम फार उशिरां येतो. आज पाढे म्हटले, त्याचें फळ परीक्षेंत. आज व्यायाम केला, त्याचें फळ कित्येक महिन्यांनीं. उलट अंथरुणांत पडून राहण्याचें सुख तत्काळ मिळतें. ॲपमधील खूण ही उणीव भरून काढते. दूरच्या फळाचा लहानसा वानोळा ती त्याच क्षणीं हातावर ठेवते.

दुसरें उत्तर मेंदूच्या अभ्यासांतून आलें आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनीं माकडांच्या मेंदूंतील डोपामिन नांवाचें द्रव्य सोडणाऱ्या पेशींचें सूक्ष्म निरीक्षण केलें. माकडास अकस्मात् फळांचा रस मिळाला, कीं या पेशी उद्दीपित होत. रसापूर्वीं दिवा लागतो हें माकड शिकलें, म्हणजे त्या दिवा लागतांच उद्दीपित होत, आणि अपेक्षित रस मिळाल्यावर त्यांत विशेष फरक पडत नसे. दिवा लागूनही रस आला नाहीं, तर ठरल्या क्षणीं त्यांचें कार्य मंदावे. शुल्ट्झ, पीटर डायन व रीड मॉन्टेग्यू यांनीं १९९७ सालीं याचा अर्थ स्पष्ट केला. या पेशी केवळ सुखाची वार्ता देत नाहींत. अपेक्षेपेक्षां अधिक मिळालें कीं कमी मिळालें, याची वार्ता देतात. त्यामुळेंच पहिल्या दिवशीं मिळालेलें मानचिन्ह आपणांस हर्षभरित करतें आणि तिसाव्या दिवशीं तें फिकें वाटतें. बक्षीस तेंच असतें, पण अपेक्षा त्याच्या बरोबरीला येऊन ठेपलेली असते. केवळ बक्षिसावर उभारलेली संवय यासाठींच लवकर ढांसळते. तिला रोज थोडें अधिक गोड द्यावें लागतें.

याच स्वभावाचा एक चमत्कारिक उपयोग असा. बी. एफ. स्किनर व चार्ल्स फर्स्टर यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, पारव्यांना दाणा कोणत्या क्रमानें दिला असतां ते किती वेळां चोंच मारतात, याच्या विस्तृत नोंदी आहेत. दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसला, कधीं चार वेळां चोंच मारल्यावर तर कधीं चाळीस वेळां मारल्यावर तो मिळूं लागला, तर पारवा न थकतां चोंच मारीत राही. आणि दाणा अजिबात बंद केल्यावरही पुष्कळ वेळ आशेनें मारीत राही. जुगाराचें यंत्र माणसाला खिळवून ठेवतें तें याच नियमानें. कांहीं ॲप्समध्यें मधूनच एखादी बंद पेटी दिली जाते, आणि तींत काय निघेल हें आधीं कळत नाहीं. तेथें हाच नियम कामास लावलेला असतो. अशी पेटी समोर आली, म्हणजे विद्यार्थ्यानें मनाशीं विचारावें: आपण अभ्यासासाठीं आलों आहों, कीं पेटीसाठीं?

तिसरें कारण ध्येयाच्या जवळिकीचें आहे. क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञानें १९३२ सालीं असें मत मांडलें कीं, ध्येय जसजसें जवळ येतें तसतसा प्राण्याचा प्रयत्न वाढतो. खाद्य जवळ आलें कीं उंदीर अधिक वेगानें धांवतो. माणसांविषयींचा एक मौजेचा प्रयोग जोसेफ न्यून्स व झेव्हियर ड्रेझ यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केला. मोटारी धुण्याच्या एका ठिकाणीं ३०० गिऱ्हाइकांना शिक्के मारण्याचीं कार्डें वांटलीं. अर्ध्या लोकांच्या कार्डावर ८ घरें होतीं. आठ शिक्के झाले कीं एकदां मोटार फुकट धुवून मिळे. उरलेल्यांच्या कार्डावर १० घरें होतीं, पण त्यांतील २ शिक्के आधींच मारून दिले होते. दोघांनाही आठच शिक्के मिळवावयाचे होते. तरी पहिल्यांपैकीं १९ टक्के लोकांनीं कार्ड पुरें केलें, आणि दुसऱ्यांपैकीं ३४ टक्क्यांनीं. वाट आधींच थोडी चालून झाली आहे असें वाटलें, कीं पाय पुढें पडतात. ॲप उघडतांच पहिलीं दोन कामें अगदीं सोपीं कां असतात, तें आतां वाचकांच्या ध्यानीं येईल.

चौथें कारण गमावण्याचें भय. डॅनियल कान्हेमान व एमॉस ट्वर्स्की यांनीं १९७९ सालीं दाखविलें कीं, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षां तेवढेच हरवल्याचें दुःख माणसास अधिक बोंचतें. सलग दिवसांच्या मालिकेचें सारें बळ यांत आहे. पहिल्या दिवशीं आपण मिळविण्यासाठीं अभ्यास करतों. शंभराव्या दिवशीं हरवूं नये म्हणून करतों. हें भय कांहीं काळ फार उपयोगी पडतें, परंतु त्याचा स्वभाव कांचेसारखा आहे: तें वाकत नाहीं, एकदम फुटतें.

येथपर्यंत पाहिलेलें सर्व सामर्थ्य मान्य करून आतां दुसरी बाजू पाहूं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक पालकानें व शिक्षकानें ध्यानांत ठेवावा असा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेंतील, ज्यांना चित्रें काढण्याची मुळांतच हौस होती, अशीं ५१ मुलें त्यांनीं निवडलीं व त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटास सांगितलें कीं, चित्रें काढाल तर सोनेरी तारा व फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्यास आधीं कांहीं न सांगतां चित्रें झाल्यावर तेंच प्रशस्तिपत्र दिलें. तिसऱ्यास कांहींच दिलें नाहीं. पुढें एकदोन आठवड्यांनीं वर्गांत तींच रंगीत लेखणें मांडून ठेवलीं, आणि कोणतें मूल आपण होऊन किती वेळ चित्रें काढतें हें पडद्याआडून पाहिलें. ज्यांना आधीं बक्षीस कबूल केलें होतें, त्यांनीं इतरांच्या सुमारें निम्माच वेळ चित्रांत घालविला. बक्षिसासाठीं काढलेलीं त्यांचीं चित्रेंही इतरांच्या मानानें कमी प्रतीचीं ठरलीं होतीं. जें काम तीं खेळ म्हणून करीत होतीं, तें आतां मजुरी झालें होतें. आणि मजुरी बंद झाल्यावर काम कोण करणार?

याचा अर्थ सर्व बक्षिसें घातक असा मात्र नव्हे. दुसऱ्या गटाकडे पाहा. त्यांनाही तेंच प्रशस्तिपत्र मिळालें, पण त्यांची हौस कमी झाली नाहीं. बक्षीस न सांगतां आलें, तर तें केलेल्या कामाची पोंच असतें. आधीं ठरवून आलें, तर तें कामाची किंमत होतें. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर व रिचर्ड रायन यांनीं १९९९ सालीं अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यांतही आधीं कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसानें मूळची गोडी कमी होते, असेंच दिसून आलें. जेथें गोडी मुळींच नाहीं, तेथें गमावण्यासारखें फारसें नसतें. अशा कामाच्या आरंभीं लहानसें बक्षीस पायरीप्रमाणें उपयोगी पडतें. पण पायरीवरच बिऱ्हाड करावयाचें नसतें.

खूण हेंच ध्येय झालें म्हणजे काय होतें, याचें विनोदी चित्र मार्क ट्वेन यांच्या टॉम सॉयर या १८७६ सालच्या कादंबरींत आहे. त्यांतील रविवारच्या शाळेंत पवित्र शास्त्रांतील दोन वचनें पाठ म्हटलीं कीं एक निळें तिकीट मिळे. दहा निळ्यांचें एक तांबडें, दहा तांबड्यांचें एक पिवळें, आणि दहा पिवळीं तिकिटें झालीं कीं एक बायबल बक्षीस. म्हणजे दोन हजार वचनें झालीं! टॉमनें वचनें पाठ केलीं नाहींत. आपल्याजवळचा किडूकमिडूक माल देऊन त्यानें सोबत्यांचीं तिकिटें घेतलीं, आणि तो ऐटीनें बक्षीस घेण्यास पुढें झाला. प्रभूच्या पहिल्या दोन शिष्यांचीं नांवें विचारतांच त्यानें उत्तर दिलें: दावीद आणि गल्याथ! तिकिटें पुरीं होतीं. विद्या मात्र नव्हती.

ही गोष्ट दीडशें वर्षांपूर्वींची म्हणून हंसून सोडून देण्यासारखी नाहीं. आमच्या परिचयांतील एका मुलाला वडिलांनीं रोज दहा हजार पावलें चालण्याबद्दल रविवारीं पैसे देण्याचें कबूल केलें. पावलें मोजणारा मोबाइल हातांत धरून तो संध्याकाळीं तासभर झोंपाळ्यावर बसे, व पावलें पुरीं करी. चालणें हें साध्य होतें, आंकडा हें साधन होतें. मुलानें अदलाबदल केली एवढेंच. आणि तो आंकडा तरी कोठून आला? १९६५ सालीं जपानमध्यें पावलें मोजण्याचें एक यंत्र विक्रीस निघालें. त्याचें नांव मानपोकेई, म्हणजे दहा हजार पावलें मोजणारें यंत्र. तो वाटोळा आंकडा लोकांच्या मनांत भरला तो मुख्यतः त्या नांवामुळें. वैद्यांनीं प्रयोग करून ठरविलेली ती मर्यादा नव्हती. म्हणून आंकड्यापुढें मान तुकविण्यापूर्वीं तो कशासाठीं आहे हें विचारणें अवश्य आहे.

खुणेच्या दास्याचा दुसरा प्रकार अधिक दुःखदायक आहे. आठव्या इयत्तेंतील एका मुलीनें एका ॲपवर फ्रेंच शिकण्यास आरंभ केला. रोज सायंकाळीं एक धडा, याप्रमाणें तिची १४० दिवसांची मालिका झाली. पुढें तिला ताप आला आणि तीन दिवस धडा राहिला. बरी होऊन तिनें ॲप उघडलें, तों आंकडा शून्य! त्या दिवसापासून तिनें फ्रेंचचें नांव टाकलें. शून्य झालें होतें तें कांचेवरचें. तिच्या डोक्यांतील शब्द कांहीं शून्य झाले नव्हते. परंतु पांच महिन्यांच्या श्रमाचा पुरावा तिनें त्या एका आंकड्याच्या हवालीं केला होता, आणि आंकडा जातांच सर्व गेलें असें तिला वाटलें. आम्हीं तिला इतकेंच सुचविलें कीं, एक साधी वही कर, आणि उद्यांच्या धड्यापुढें १ न लिहितां १४१ लिही. वहींत आज १६० च्या पुढचा आंकडा आहे.

शास्त्रही या मुलीच्याच बाजूचें आहे. विल्यम जेम्स यांनीं, नवी संवय पक्की होईपर्यंत तींत एकदांही खंड पडूं देऊं नये, असा उपदेश केला होता, आणि आरंभींच्या दिवसांसाठीं तो चांगलाच आहे. पण फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनीं लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांत ९६ लोकांना घेऊन संवय कशी जडते याचा प्रत्यक्ष अभ्यास केला, व तो २०१० सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येकानें खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक लहानशी नवी संवय निवडून बारा आठवडे रोज तिची नोंद दिली. संवय अंगवळणीं पडण्यास लागणारा काळ कोणाचा १८ दिवस, तर कोणाचा, गणितानें काढला असतां, २५४ दिवस इतका निघाला. मध्यम प्रमाण ६६ दिवसांचें होतें. एखादा दिवस चुकल्यानें संवयीच्या वाढीस म्हणण्यासारखा धक्का बसला नाहीं, असेंही त्यांस आढळलें. एकवीस दिवसांत संवय जडते असें लोकांत बोललें जातें, त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या शस्त्रवैद्याच्या १९६० सालच्या पुस्तकांत आहे. रुग्णांस आपल्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटण्यास निदान एकवीस दिवस लागतात, असें निरीक्षण त्यांनीं नोंदविलें होतें; त्यांतील ‘निदान’ हा शब्द लोकांनीं गाळला. तेव्हां बाविसाव्या दिवशींही पहांटे उठणें जड वाटलें, तर आपणांत कांहीं उणें आहे असें कोणी समजूं नये.

आतां विद्यार्थिमित्रहो, या सर्वांतून आपण काय घ्यावें? एक, संवय लहान निवडा व ती एखाद्या ठरलेल्या प्रसंगास बांधून टाका. “रोज वाचन करीन” यापेक्षां “रात्रीं जेवणाचें ताट घासून ठेवल्यावर दोन पानें वाचीन” हा निश्चय अधिक टिकतो. कारण त्याची आठवण ताटच करून देतें. दोन, खूण अवश्य करा, पण ती खरी करा. काम झालें नाहीं, तर त्या दिवसाचें घर कोरें ठेवा आणि दुसऱ्या दिवशीं पुढें चला. खोटी खूण केलेली वही हा डाग पडलेला आरसा आहे. तीन, खुणेशेजारीं एक ओळ लिहा: आज काय नवें कळलें, काय सोपें गेलें. कामाची स्वतःची गोडी त्या ओळींत सांठते, आणि मानचिन्ह फिकें पडल्यावर तीच आपणांस पुढें नेते. चार, संवय अंगवळणीं पडली कीं नोंद बंद करा. घर बांधून झाल्यावर परांची उतरवितात. ती तशीच ठेवली, तर खिडक्या उघडत नाहींत.

पालकमंडळींस आमची विनंती एवढीच कीं, ज्या कामांत मुलास मुळांतच गोडी आहे, त्याला किंमत लावूं नये. पुस्तकें आवडीनें वाचणाऱ्या मुलीला पुस्तकामागें दहा रुपये देऊं केले, तर ती पातळ पुस्तकें शोधूं लागेल. द्यावेंसें वाटलें, तर न सांगतां द्यावें. आणि पैशापेक्षां आपण पाहिलेली गोष्ट बोलून दाखवावी. “शाबास” म्हणण्यापेक्षां “आज तूं न सांगतां दप्तर भरलेंस, सकाळीं घाई झाली नाहीं” हें म्हणणें मुलास अधिक कांहीं देतें. कारण त्यांत त्याच्या कृतीचें फळ त्याला दिसतें. घरांत एकाच्या नोंदीशीं दुसऱ्याची तुलना करूं नये. आरसा प्रत्येकाचा वेगळा असतो. आणि मुलाची मालिका तुटेल, त्या दिवशीं पालकांनीं घरींच असावें, म्हणजे मनानें जवळ असावें. तो दिवस शंभर मानचिन्हांपेक्षां महत्त्वाचा आहे. पडल्यावर उठण्याची संवय त्याच दिवशीं लागते किंवा मोडते.

फ्रँक्लिन यांच्या हस्तिदंती वहींतील ठिपके केव्हांच पुसले गेले, आणि त्यांच्या व्यवस्थितपणाच्या ओळींत ते अखेरपर्यंत पडतच राहिले. तरीही ती वही वायां गेली असें कोणी म्हणणार नाहीं. ज्याच्या हातीं वही असेल त्यानें वहींत लिहावें, ज्याच्या हातीं मोबाइल असेल त्यानें मोबाइलवर खूण करावी. साधनांत भलेंबुरें नाहीं. दिवसाच्या शेवटीं खुणेकडे पाहून “मला काय मिळालें?” हा प्रश्न मनांत आला, तर ती वही मजुरीची झाली असें समजावें. “मी कसा होतों आहें?” हा प्रश्न आला, तर तो आरसा अजून स्वच्छ आहे.